सोडलेला मासा वाचला काय?

अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील यलोआय रॉकफिश ही जात शंभर वर्षांहूनही अधिक जगू शकते. अतिमासेमारीने ती खालावल्याचे २००२ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाले आणि पुढे, गळाला लागलेला हा मासा हौशी मासेमारांनी ठेवू नये, पाण्यात सोडावा, असे निर्बंध आले. हेतू स्तुत्य होता. परंतु पाण्यात सोडलेला मासा वाचतोच, हे त्यामागील गृहीत मात्र लंगडे होते.

कारण शाळेत शिकविल्या जाणाऱ्या बॉईलच्या नियमातच आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. साहजिकच ६० मीटरांवरून वर ओढलेल्या माशाच्या वाताशयातील वायू सातपट फुगू पाहतो. आणि रॉकफिशच्या वाताशयास तो वायू तोंडावाटे बाहेर टाकणारी नळीच नसते. डोळे खोबणीबाहेर येतात, जठर उलटे होऊन तोंडातून डोकावते आणि मासा फुग्यासारखा तरंगत राहतो. समुद्रपक्ष्यांना आयतेच भक्ष्य मिळते.

सुईने टोचून वायू काढण्याचा उपाय जाणत्याच्याच हाती बरा. नवखा मनुष्य बाहेर आलेल्या जठरालाच वाताशय समजून भोसकतो. त्यापेक्षा वजन बांधलेल्या चिमट्यात माशाचा ओठ धरून त्याला पुन्हा खोल नेऊन सोडणे सोपे. दाब वाढला की वायू आकसतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिंजऱ्यांतून पुन्हा खोलवर नेलेल्या रॉकफिशपैकी सुमारे दोन तृतीयांश मासे दोन दिवसांनीही जिवंत आढळले.

ऑरेगन राज्याने २०१७ पासून असे साधन नावेवर बाळगणे सक्तीचे केले. शिवाय ३० वावांपलीकडे, म्हणजे सुमारे ५५ मीटरांहून खोल पाण्यात, रॉकफिश सोडताना ते वापरलेच पाहिजे, असे बजावले. मेक्सिकोच्या आखातातील खडकाळ तळाच्या माशांसाठी अमेरिकी काँग्रेसने केलेला, जानेवारी २०२२ मध्ये अमलात आलेला कायदा मात्र निम्म्या वाटेवरच थबकला. सुई किंवा चिमटा नावेवर सज्ज असावा, एवढीच त्याची मागणी होती. वापर ज्याच्या त्याच्या सद्बुद्धीवर सोपविलेला होता. भर समुद्रात प्रत्येक नावेवर पहारा कोण ठेवणार, हा आक्षेप खरा. पण तो मासा न ठेवण्याच्या बंदीलाही तितकाच लागू पडतो, आणि त्यापायी ती बंदी कोणी रद्द केली नाही.

पहाऱ्याहून परिणामकारक मार्ग प्रशांत किनाऱ्यावरच सापडला आहे. सोडलेल्या माशांपैकी किती दगावले याचा हिशेब करताना तेथील मत्स्यव्यवस्थापन परिषदेने खोलवर नेऊन सोडलेल्या माशांसाठी मृत्यूचे प्रमाण कमी धरण्यास मान्यता दिली. मृत्यूची नोंद घटली की हंगाम लवकर बंद पडण्याचे भय घटते, आणि चिमटा पेटीतून बाहेर काढण्यात मासेमाराचाही स्वार्थ साधतो.