हिरड्यांच्या आजारात हाड नेमकं कोण खातं?

दात किडलेला नाही, दुखत नाही, तरी हलतो. चाळिशी-पन्नाशीतले बरेच रुग्ण ही तक्रार घेऊन येतात आणि कारणही स्वतःच सांगतात : "वय झालं, डॉक्टर." काही जण तर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करूनच आलेले असतात. वाचवता येण्यासारखे कित्येक दात या दोन समजुतींमुळे जातात, असं माझं मत आहे. या आजारात हाड कसं झिजतं हे समजलं, की दोन्ही समजुती का चुकीच्या आहेत ते आपोआप कळतं.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो, तो दाताला हाडाशी बांधून ठेवतो. हे हाड जिवंत असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आम्ल आणि विकरं सोडून जुनं हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवं हाड भरतात. काढणं आणि भरणं यांचा हिशोब जुळला, की हाडाची पातळी जागच्या जागी राहते.

आता दातांवरचा जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक. तो रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो, त्याला आपण किटण म्हणतो. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांनी दात साफ करणं थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या आणि पुन्हा सफाई सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. या टप्प्यावर हाडाला धक्का लागलेला नसतो. ब्रश करताना रक्त येतं ते याच वेळी. आपण मात्र तिकडे दुर्लक्ष करतो, किंवा रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावणंच बंद करतो.

सूज खोलवर उतरली की खरं नुकसान सुरू होतं. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी आणि तिथल्या ऊतींमधल्या पेशी 'रँकल' नावाचं प्रथिन तयार करतात. रँकल म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी वाढवण्याचा निरोप. या निरोपाला लगाम घालणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं दुसरं प्रथिनही शरीरातच असतं. सूज टिकून राहिली की निरोप जास्त आणि लगाम कमी, अशी स्थिती होते. विरघळणं वाढतं, भरणं मागे पडतं.

म्हणजे हाड जंतू खात नाहीत. ते काढून घेतं आपलंच शरीर. जंतूंचा थर आणि हाडाची कड यांच्यात साधारण दोन मिलिमीटरचं अंतर राहतं आणि थर मुळावरून खाली सरकला की हाडही खाली सरकतं. वणवा पसरू नये म्हणून जंगलात गवत काढून जाळरेषा आखतात, तसाच हा प्रकार आहे. आग विझलीच नाही, तर रेषा मागे मागे न्यावी लागते. ही माघार बहुतेक वेळा न दुखता होते, म्हणून दात हलेपर्यंत पत्ता लागत नाही.

मग हे वयामुळे होतं का? श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुषांची पाहणी १९७० पासून १५ वर्षं केली गेली. त्यांना दातांचे उपचार मिळत नव्हते, ब्रशची सवय नव्हती, सगळ्यांच्या दातांवर प्लाक आणि किटण होतं. तरी सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्के लोकांत तो हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. त्या ११ टक्क्यांचंही वय १५ वर्षांनी वाढलंच होतं. अस्वच्छता सारखी असूनही फरक पडला तो मुख्यतः प्रत्येकाच्या शरीराच्या प्रतिसादामुळे.

हा प्रतिसाद बिघडवणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत. पहिली मधुमेह. साखर वाढलेली असेल तर हिरड्यांची सूज जास्त तीव्र होते आणि ती सूज उलट साखरेचं नियंत्रण अवघड करते. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेतही थोडी घट दिसते. दुसरी तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे धोक्याची खूणच झाकली जाते. मशेरीने हिरड्या घट्ट होतात असं म्हणतात, पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आणि ती लावतात त्या जागी हिरडी मूळ सोडू लागते.

कॅल्शियमचं काय? इथे अडचण मालाच्या तुटवड्याची नाही, चुकीच्या निरोपाची आहे आणि गोळीने तो निरोप थांबत नाही. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं असेल तर बंद करू नका, फक्त हिरड्यांसाठी त्यावर विसंबू नका. रँकलला रोखणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन हाडांच्या ठिसूळपणासाठी वापरतात, हिरड्यांसाठी नाही. त्याने क्वचित जबड्याचं हाड भरून न येण्याचा त्रास होतो. हे इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी दंतवैद्याला जरूर सांगा.

निरोप थांबवायचा तर सूज थांबवायला हवी आणि त्यासाठी हिरडीखालचा थर काढायला हवा. ते काम पेस्टने किंवा मलमाने होत नाही, खोल सफाईच करावी लागते. "क्लीनिंगने दात सैल होतात" हा समज यातूनच आला आहे. हाड आधीच गेलेलं असतं, किटणाने दात एकमेकांना चिकटवून धरलेले असतात. किटण निघालं की खरी स्थिती उघडी पडते. गेलेलं हाड बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही. काही खोल खड्ड्यांत शस्त्रक्रियेने थोडं भरता येतं, पण उरलेलं हाड टिकवणं हेच मुख्य उद्दिष्ट.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे : मोजमाप. हिरडी आणि दात यांच्यामधली खोली बारीक खुणा असलेल्या सळईने मोजता येते. एक ते तीन मिलिमीटर खोली सहसा निरोगी. चार किंवा अधिक आणि सोबत रक्त, तर लक्ष हवं. एक्स-रेत आतापर्यंत झालेलं नुकसान दिसतं, आज सूज चालू आहे का हे त्यावरून कळत नाही. २८ दातांच्या प्रत्येकी सहा जागा, म्हणजे १६८ नोंदी होतात. गर्दीच्या दवाखान्यात प्रत्येक वेळी एवढा वेळ मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकातला सर्वांत वाईट आकडा नोंदवणं काही मिनिटांत होतं, आणि तो वाईट निघाला तर पूर्ण मोजणी करता येते. नुसता आरसा फिरवून "हिरड्या ठीक आहेत" असं सांगणं मला पुरेसं वाटत नाही.

रक्तदाबाचा आकडा आपण विचारतो, साखरेचा विचारतो. पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे गेलात की हिरड्यांचाही विचारा आणि लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल तर दंतवैद्य म्हणतील तेव्हा, त्याहूनही लवकर.