चाकाजवळचा संवेदक आणि दुरुस्तीचा हक्क

मोटार ही यंत्रविद्येतील वस्तू. तिच्याशी अर्थशास्त्राच्या अध्यापकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु आजच्या मोटारीत बोटाच्या पेराएवढी एक वस्तू अशी आहे की, बाजारपेठ, कायदा आणि माणसाचा जीव हे तिन्ही विषय तिच्यापाशी एकत्र येतात. ही वस्तू म्हणजे चुंबकीय संवेदक. गॅरेजच्या बोलीत ‘सेन्सर’.

तिचे मूळ जुने आहे. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या संशोधक विद्यार्थ्याला असे आढळले की, सोन्याच्या वर्खातून विद्युत्प्रवाह सोडून तो चुंबकासमोर धरला, तर प्रवाहाच्या आडव्या दिशेने सूक्ष्म विद्युद्दाब निर्माण होतो. चुंबक जवळ आला की दूर गेला, हे स्पर्शावाचून ओळखण्याचे साधन त्यातून पुढे हाती आले. स्पर्श नाही म्हणून घर्षण नाही, आणि घर्षण नाही म्हणून झीज नाही. चिखल आणि तेल यांचीही त्याला फारशी बाधा होत नाही. साहजिकच इंजिनातील क्रँकशाफ्ट कोठवर फिरला, पायाखालचे पेडल किती दाबले, स्टिअरिंग किती वळले, हे सांगण्याचे काम अनेक मोटारींत आता असे संवेदक करतात.

मात्र त्यांपैकी चाकाजवळच्या संवेदकाचे काम विशेष जोखमीचे आहे. पुष्कळ नव्या मोटारींत चाकाच्या बेअरिंगच्या कडेला एक कडे असते व त्यावर उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने उमटविलेले असतात. चाक फिरू लागले की हे ध्रुव संवेदकासमोरून सरकतात आणि त्यांच्या गणतीवरून चाकाचा वेग कळतो. जोराने ब्रेक दाबल्यावर एखादे चाक एकाएकी मंदावले, तर ते आता जाम होऊन घसरणार हे यंत्रणा ताडते, त्या चाकावरील दाब क्षणभर सैल करते व पुन्हा वाढविते. सेकंदात अनेकदा हे घडते. यालाच ‘एबीएस’ म्हणतात. पावसाळ्यात घाटाच्या निसरड्या वळणावर ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळविता येते, ती याच्या बळावर.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. निर्णय योग्यच होता. पण कायद्याची नजर विक्रीच्या दिवसापाशी थांबली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तोवर तिची सक्तीची नियमित तपासणी होते ती धुराची. म्हणजे २०१९ साली रस्त्यावर आलेली मोटार योग्यता तपासणीसाठी परिवहन कार्यालयापुढे प्रथम उभी राहील ती २०३४ साली! तोपर्यंत तिच्या चारही चाकांजवळचे संवेदक जिवंत आहेत की नाहीत, हे विचारणारा कोणी नाही.

संवेदक निकामी झाला तरी साधा ब्रेक लागतच राहतो. समोरच्या फलकावर एक पिवळा दिवा तेवढा पेटतो. पहिला मालक तो पाहून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जातो. तिसऱ्या मालकाचे तसे नसते. शाळामास्तर किंवा कारकून यांनी कर्ज काढून घेतलेली जुनी मोटार. तिच्यावरील खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला जातो, आणि गाडी थांबतेच आहे, तेव्हा दिव्याकडे कानाडोळा होतो. ती विकताना दिवा मुळीच पेटू नये अशी तजवीज करणारे महाभागही असतात. (जुनी मोटार घेणाऱ्याने किल्ली फिरविताच हा दिवा क्षणभर पेटून विझतो ना, एवढे अवश्य पाहावे. तो पेटलाच नाही तर संशय घ्यावा.) विक्रेत्याला ठाऊक असलेले वैगुण्य ग्राहकाला दिसत नसले, म्हणजे बाजाराची कशी अधोगती होते, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात मांडले. उदाहरण घेतले होते जुन्या मोटारींच्याच बाजाराचे.

मग आळीतल्या गॅरेजवाल्याने हे काम का करू नये? सुटा संवेदक बदलणे बहुधा अवघड नसते. अवघड असते ते दोष नेमका कोठे आहे हे शोधणे. ध्रुवांचे कडे असलेले बेअरिंग उलट बाजूने बसविले, तर चाक सुरळीत फिरते, परंतु संवेदकाला काहीच कळत नाही. त्या कड्याजवळ जोरदार चुंबक नेला तरी ते बिघडू शकते. डोळ्यांना आणि हातांना यातले काही जाणवत नाही. त्यासाठी मोटारीच्या संगणकाशी बोलणारे उपकरण हवे आणि त्या कंपनीची माहितीपुस्तिका हवी. नेमके हेच स्वतंत्र कारागिराला मिळत नाही, अशी जुनी तक्रार आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व दोषशोधनाची साधने बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना नाकारल्याच्या कारणावरून. पुढे प्रकरण अपिलांत आणि न्यायालयांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या.

उत्पादक म्हणतात, अर्धवट ज्ञानाच्या हाती सुरक्षेची यंत्रणा देणे धोक्याचे आहे. हा आक्षेप पोकळ नव्हे. पण ज्ञान अर्धवट राहते ते पुस्तिका कुलुपात असल्यामुळेच, हेही खरे ना? जी यंत्रणा सरकारने सक्तीने ग्राहकाच्या गळ्यात घातली व जिची किंमत त्याने मोजली, तिच्या दुरुस्तीची माहिती हे उत्पादकाचे गुपित राहू देणे न्यायाला धरून नाही. सक्तीच्या प्रत्येक यंत्रणेची दोषशोधन-माहिती वाजवी दरात खुली करण्याची अट मोटारीच्या मंजुरीलाच जोडावी. धुराच्या वार्षिक तपासणीतच या पिवळ्या दिव्याची नोंद घ्यावी. त्यास मिनिटही लागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. तेथील उपकरणे संध्याकाळी गावातल्या गॅरेजवाल्यांना फी आकारून वापरू द्यावीत, शिकवायला तेथलेच निदेशक बसवावेत, आणि याची सुरुवात घाटाखालच्या तालुक्यांपासून करावी.