आधी कागद, मग कातडी

मुळशी तालुक्यातील महाळुंगे आज ओळखू येऊ नये इतके बदलले आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीत श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. २००८ मध्ये तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. शेजारी हिंजवडीचे आयटी पार्क वाढले, शेतांच्या जागी टॉवर आले आणि २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत दाखल झाले. त्यामुळे या पट्ट्यात टॅटूची खुर्ची मांडून बसलेल्या आर्टिस्टकडे तीन तऱ्हेची माणसे येतात. संकुलात घाम गाळणारे खेळाडू, हिंजवडीत शिफ्ट करणारे तरुण, आणि ज्यांच्या आजीच्या हातावर अजून हिरवे गोंदण आहे अशी गावातली मुले. अंगकाठी वेगळी, काम वेगळे, टॅटू काढण्याचे कारणही वेगळे. पण मोबाइलमधून पुढे केलेले चित्र बहुतेकदा तेच असते. पिसातून उडणारे पक्षी, इन्फिनिटीचे चिन्ह, ईसीजीच्या रेषेत गुंफलेले 'आई-बाबा', मुकुट घातलेला सिंह.

याचा दोष क्लायंटच्या माथी मारणे सोपे आहे. पण त्याला जे दिसते, तेच तो मागतो. आणि आपल्या भिंतींवर, आपल्या इन्स्टाग्रामवर त्याला हेच दिसत आले आहे. आर्टिस्ट निवडताना तो दर विचारतो, सुई नवी आहे का ते पाहतो, दुकान घरापासून किती लांब ते बघतो. "हे चित्र तुम्ही स्वतः काढलेलं आहे का?" हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. तो विचारायची सवय त्याला आपण लावली पाहिजे. कस्टम डिझाइन ही पैसेवाल्या क्लायंटसाठी राखून ठेवायची चैन नाही. आपल्या कामाचा पायाच तो आहे, आणि लहानातल्या लहान टॅटूलाही तो लागू आहे.

तयार चित्रांची प्रथा आपल्या धंद्यात यंत्राबरोबर फोफावली. सॅम्युएल ओ'रायली यांनी १८९१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये विजेच्या टॅटू मशीनचे पेटंट घेतले. काम झपाट्याने होऊ लागले आणि बंदरांतल्या दुकानांच्या भिंती फ्लॅशच्या कागदांनी भरल्या. खलाशाने बोट दाखवायचे, आर्टिस्टने तेच उतरवायचे. ही घडी मोडणाऱ्यांत डॉन एड हार्डी यांचे नाव ठळक आहे. जपानमध्ये तिथल्या गुरूकडे काम पाहून-शिकून आल्यावर त्यांनी १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टुडिओ काढला. तिथे आधी वेळ ठरवून यायचे, बसून बोलायचे आणि त्या माणसासाठीच चित्र काढले जायचे. आज कन्सल्टेशन हा शब्द आपण सहज वापरतो, पण पुष्कळ ठिकाणी तो दर ठरवण्यापुरताच उरला आहे.

इथे कोणी रास्त शंका घेईल: आपल्या गोंदणात तरी कुठे नवी चित्रे होती? जत्रेत बसणारी गोंदणारीण काजळीचा रंग करून, सुया एकत्र बांधून तीच तुळस, तोच विंचू, कपाळावर आणि हनुवटीवर तेच ठिपके पिढ्यान् पिढ्या गोंदत आली. मग ती नक्कल नव्हे का? नव्हे. ती तुळस साऱ्या समाजाची होती. गोंदणारी आणि गोंदून घेणारी दोघीही तिचा अर्थ जाणत होत्या, आणि स्टेन्सिल नसल्याने प्रत्येक तुळस त्या-त्या हाताने, त्या-त्या मनगटाच्या मापाने नव्याने उतरत होती. परंपरेतून घेणे वेगळे आणि एखाद्या हयात आर्टिस्टने दुसऱ्या कोणासाठी रात्री जागून काढलेले चित्र स्क्रीनशॉट मारून उचलणे वेगळे.

परंपरेतून घेतानाही जबाबदारी सुटत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ती कला जगापुढे नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक भिंतीवर काढतात, त्याच्या मधोमध पालघट देवी असते. तो चौक घोट्याभोवती नक्षी म्हणून फिरवण्यापूर्वी तो काय आहे हे आर्टिस्टला ठाऊक हवे आणि क्लायंटलाही सांगायला हवे. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता मांडल्या, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला आणि कंपनीला उगम मान्य करावा लागला. तो संताप खरा असेल, तर तोच न्याय आपल्या खुर्चीलाही लावावा लागेल.

आता रोजच्या कामातले एक उदाहरण जवळून पाहू. महाराष्ट्रात आपल्याकडे सतत मागितला जाणारा टॅटू म्हणजे 'आई'. दोनच अक्षरे, म्हणून फोनवर टाइप करून, स्टेन्सिल काढून वीस मिनिटांत उरकले जातात. र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट संगणकाच्या पडद्यासाठी होता. तो तिथे चांगले काम करतो. त्वचेवर हिशेब बदलतो. 'आ' मध्ये दोन उभे दंड शेजारी-शेजारी असतात आणि डावीकडच्या वळणात दोन छोट्या पोकळ्या. 'ई' मध्ये पोटातली गाठ आणि डोक्यावरचा आकडा शिरोरेघेला अगदी खेटून. अक्षर सेंटीमीटरभर उंच घेतले, तर यातल्या काही जागा मिलिमीटरभरच उरतात. शाई त्वचेखाली वर्षागणिक थोडी पसरतेच. मग दोन दंडांचा एक जाड दंड होतो, पोकळ्या बुजतात, आकडा शिरोरेघेत मिसळतो आणि 'आई' चा डाग होतो. म्हणून दंडांत अंतर किती, शिरोरेघ अखंड ठेवायची की तोडायची, आकडा किती उचलायचा, हे हाताने काढूनच ठरते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना प्रत्येक वेळी स्वतंत्र अक्षररूप दिले. नाटकाच्या जाहिरातीला जो मान मिळाला, तो आयुष्यभर अंगावर राहणाऱ्या अक्षरांना मिळायला नको का?

आणि फॉन्ट निवडण्याआधी एक प्रश्न विचारून पाहा.

"दादा, आईच्या हातचं काही लिहिलेलं आहे का घरी?"

"होस्टेलला असताना पत्रं यायची की. खाली 'तुझी आई' असायचं."

"मग तेच घेऊन या. फॉन्ट नको."

त्या पत्रातली वेलांटी वाकडी असेल, शिरोरेघ मध्येच सुटलेली असेल. ती दुरुस्त करायची नाही. फक्त वीस वर्षांनी वाचता येईल इतकी मोकळी करायची. हे झाले कस्टम काम. त्यात ड्रॅगन नाही, पाठभर शेडिंग नाही. तरी तो टॅटू जगात दुसऱ्या कोणाच्या हातावर असू शकत नाही.

चित्राइतकाच विचार शरीराचा हवा. संकुलात सराव करणाऱ्या मुलीच्या खांद्यावर गोल मंडल काढायचे असेल, तर ती हात खाली सोडून उभी असताना आणि हात वर नेल्यावर, दोन्ही वेळा स्टेन्सिल पाहायला हवे. खांद्यावरचे वर्तुळ हात उचलताच लंबगोल होते. जलतरणपटू असेल, तर जखम भरेपर्यंत काही आठवडे तलाव बंद, म्हणून स्पर्धेची तारीख आधी विचारावी. मैदानावर धावणाऱ्या मुलांत सैन्यभरतीची तयारी करणारे बरेच असतात. सैन्यभरतीच्या नियमांत कायमच्या टॅटूला कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला मुभा आहे. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या प्रथेनुसार सवलत आहे. मानेवर नाव गोंदून घेण्यापूर्वी त्या पोराला हे कोणी सांगायचे? आपणच. परदेशी आर्टिस्टच्या गोऱ्या त्वचेवरच्या फोटोंबाबतही तेच. शाई त्वचेच्या आतल्या थरात बसते आणि वरच्या थरातल्या रंगद्रव्यातून दिसते. सावळ्या कातडीवर फिकट पिवळा, पांढरा, पेस्टल गुलाबी पुढे टिकून दिसत नाही. ठाम काळ्या रेषा आणि मोकळी सोडलेली त्वचा यांवरच चित्र उभे करावे लागते. उचललेले चित्र इथे कलेच्या आधी तंत्रातच फसते.

याचा अर्थ प्रत्येक टॅटू अजब असला पाहिजे असा नाही. ऑलिंपिकला जाऊन आलेले खेळाडू जगभर त्याच पाच कड्या काढून घेतात. तिथे सारखेपणालाच मान आहे, कारण त्या कड्या कमावलेल्या असतात. अशा वेळी आपली कला जागा, माप, रेषेची जाडी आणि स्नायूंच्या वळणाशी साधलेला मेळ यांत दिसते. चित्र या माणसाचे आहे का आणि या शरीरासाठी रेखाटले आहे का, हे दोनच निकष पुरेसे आहेत.

कायद्याचीही जाण ठेवू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रेखाटन ही कलाकृती आहे. तिची कलात्मक उंची किती हा प्रश्न तिथे येत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क राहतो. पैसे घेऊन, सांगण्यावरून काढलेल्या काही प्रकारच्या चित्रांत मात्र वेगळा करार नसेल तर मालकी काम सांगणाऱ्याकडे जाते. म्हणून डिझाइन कोणाचे, ते पुन्हा वापरायचे की नाही, हे संमतिपत्रातच दोन ओळींत लिहून घ्यावे. छायाचित्रकार जेफ्री सेडलिक यांनी काढलेल्या माइल्स डेव्हिस यांच्या फोटोवरून कॅट व्हॉन डी यांनी टॅटू काढला. त्यावरचा खटला जानेवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने व्हॉन डी यांच्या बाजूने निकालात काढला, पण तोवर त्यांना कोर्टात वर्षे घालवावी लागली.

आपल्याकडे शिवाजी महाराजांचे पोर्ट्रेट सतत मागितले जाते आणि रेफरन्स म्हणून सिनेमाचे पोस्टर पुढे येते. त्या पोस्टरवर चेहरा नटाचा असतो आणि मेहनत दुसऱ्या चित्रकाराची. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणले, त्याआधी भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून चालत होते. ज्यांनी ते शोधले त्यांच्या कष्टांची आठवण ठेवून आपण जुन्या चित्रांकडे जावे आणि तिथून स्वतःचे रेखाटन करावे. एआयने बनवलेल्या चित्रांबाबत सावधगिरी दुप्पट हवी. त्यातल्या रेषा कुठून निघतात नि कुठे मिळतात याचा पत्ता नसतो, आणि देवनागरी अक्षरे तर अनेकदा मोडकीच असतात.

"नाही म्हटलं की क्लायंट शेजारच्या दुकानात जातो," ही अडचण खरी आहे. भाडे, हप्ते, साहित्याचा खर्च कोणाला चुकलेला नाही. म्हणून नुसते नाही म्हणू नका. पर्याय पुढे ठेवा. स्वतःच्या हाताने काढलेला फ्लॅशचा एक कागद कायम तयार ठेवा, एक चित्र एकाच माणसाला द्या आणि दिले की त्यावर खूण करा. कमी पैशांत लहान टॅटू हवा असणाऱ्यालाही त्यातून अस्सल काम मिळते. मोठ्या कामात रेखाटनाचे पैसे वेगळे सांगा आणि आगाऊ घ्या. आपणच रेखाटन फुकट वाटत राहिलो, तर क्लायंटने त्याची किंमत का करावी? कोणी दुसऱ्याचा टॅटू दाखवला, तर त्यातले नेमके काय आवडले ते विचारा. पुष्कळदा उत्तर 'रेषा बारीक आहेत' किंवा 'जागा छान आहे' एवढेच असते, आणि तेवढे तर आपण आपल्या चित्रात देऊ शकतो. शिकाऊ मुलांनी थोरांची कामे कागदावर आणि सरावाच्या कातडीवर जरूर गिरवावीत. हात असाच बसतो. मात्र ते गिरवणे पोर्टफोलिओत स्वतःचे काम म्हणून येता कामा नये.

आमची सर्व वाचक आर्टिस्टना विनंती आहे, या महिन्यापासून पोर्टफोलिओ नव्याने लावा. प्रत्येक टॅटूशेजारी त्याचे पेन्सिल रेखाटन ठेवा, आणि ताज्या फोटोबरोबर जखम भरल्यानंतरचा, जमल्यास वर्षभरानंतरचा फोटो ठेवा. क्लायंट आला की त्याला तीच पाने उलगडून दाखवा आणि सांगा, आर्टिस्ट निवडताना हे बघत जा. परक्या डिझाइनवरून केलेली कामे काढून टाका. उरलेली पाने थोडी भरतील, कदाचित दहाच. पण ती तुमची असतील, आणि जाणत्या क्लायंटला तुमची निवड करायला तेवढी पुरतात.