घराचें नांव आणि माणसाचा मान

इंग्रजी उताऱ्याचें मराठींत भाषांतर करावयास सांगितलें असतां आपले बहुतेक विद्यार्थी 'हट', 'शॅक', 'शँटी' व 'हॉवेल' या चारहि शब्दांसाठीं 'झोपडी' एवढा एकच शब्द लिहून मोकळे होतात. परंतु या शब्दांचे अर्थ एक नाहींत. शिवाय त्यांतील भेद केवळ भिंती व छपरें यांचा नसून, आंत राहणाऱ्या माणसाविषयीं बोलणाऱ्याच्या मनांत काय आहे याचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

'हट' हा त्यांतल्या त्यांत निरुपद्रवी शब्द. घर लहान व साधें आहे एवढेंच तो सांगतो. मग त्यांत मेंढपाळ राहो कीं शिपाई. 'शँटी' हें उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत लांकूडतोडे जो ओंडक्यांचा निवारा उभारीत त्याचें नांव होतें. 'शॅक' हाहि तिकडचाच. ओबडधोबड, कसेंबसें उभें केलेलें घर. 'हॉवेल' मात्र मुळांत गुरें बांधण्याची वा सामान ठेवण्याची छपरी. माणसाच्या घरास हा शब्द लावणें म्हणजे तें मनुष्यवस्तीस योग्य नाहीं असें म्हणणेंच होय. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकांत वादळांत सांपडलेला वृद्ध राजा अशाच एका हॉवेलच्या दाराशीं येतो, आणि राज्यावर असतां आपण निराश्रितांची फारशी काळजी वाहिली नाहीं, हें त्यास तेथें उमगतें.

शब्दांचें दैवहि माणसांप्रमाणेंच चढतें व उतरतें. 'कॉटेज' हें एके काळीं इंग्लंडांतील शेतमजुराचें घर. अशा प्रत्येक नव्या घरामागें चार एकर जमीन असावी, असा कायदाच तेथें १५८९ सालीं झाला होता. आज सधन लोक सुटी घालविण्यासाठीं कॉटेज घेतात. बंगाली धर्तीच्या गवती छपराच्या घरावरून 'बंगला' शब्द निघाला. त्यांत साहेब राहूं लागतांच तो ऐश्वर्याचा वाचक झाला. 'स्लम' शब्दाची गति याच्या उलट. ऑस्ट्रेलियांत शिक्षा भोगणाऱ्या व्हॉक्स नांवाच्या कैद्यानें १८१२ सालीं चोरांच्या बोलीचा जो लहानसा कोश केला, त्यांत या शब्दाचा अर्थ नुसता 'खोली' असा आहे. पुढें तो गरिबांच्या अख्ख्या वस्तीस लागला, आणि त्या एका शब्दाखालीं प्रत्येक घर व प्रत्येक माणूस दिसेनासा झाला.

गरिबांनींहि एकदां हें शस्त्र उलट फिरविलें. १९२९ नंतरच्या मंदींत अमेरिकेंतील बेकारांनीं फळ्या, पत्रे व पुठ्ठे जोडून वस्त्या उभारल्या. त्या वस्त्यांस तत्कालीन अध्यक्ष हूव्हर यांच्या नांवावरून 'हूव्हरव्हिल' असें नांव पडलें. दोष राहणाऱ्याकडून राज्यकर्त्याकडे वळला!

आपल्या मराठींत गळक्या घरास 'चंद्रमौळी' म्हणण्याइतकी सहृदयता आहे. स्वतःच्या घरास 'गरीबखाना' म्हणावें, दुसऱ्याच्या घरास म्हणूं नये, हा विवेकहि आहे. परंतु 'स्लम' या शब्दासाठीं आपण 'गलिच्छ वस्ती' हे शब्द रूढ केले, तेव्हां तो विवेक सुटला. महाराष्ट्रांतील १९७१ चा यासंबंधींचा कायदा पाहिला, तर त्यांत मूलभूत सोयींच्या अभावाचा स्पष्ट उल्लेख आहे. जेथें नळ नाहीं, गटार नाहीं, तेथील घाण ही त्या अभावाची होय. पहाटे उठून पाण्यासाठीं रांगेंत उभ्या राहणाऱ्या आईची नव्हे.

आमच्या पालकांस आमची एक विनंती आहे. मुलांवर रागावतांना "झोपडपट्टींतल्यासारखें वागूं नकोस" असें आपण सहज बोलून जातो. तेंच वाक्य मूल शाळेंत आणतें. मग वर्गांत पत्ता विचारला असतां एखादा हुशार मुलगा खालीं मान घालून दुसऱ्याच कोणा नातलगाचें घर सांगतो. त्या मुलास लाजविणारें त्याचें घर नव्हे, आपला शब्द होय.

विद्यार्थिमित्रहो, भाषांतर करितांना योग्य शब्द अवश्य निवडा. छप्पर गळत असेल तर गळतें असें लिहा. खोली अंधारी असेल तर अंधारी म्हणा. परंतु घराचें वर्णन करितां करितां तेथें राहणाऱ्याची किंमत ठरवूं नका. घर लहान असूं शकतें. त्यांतील माणूस त्यामुळें लहान होत नाहीं.