मुठीचे रबर आणि बधिर बोटे

मोहोळ, अक्कलकोटहून रोज दुचाकीवर सोलापूर गाठणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते: हाताला मुंग्या येतात. मग मानेचा एक्स-रे निघतो, बी-१२च्या गोळ्या सुरू होतात. गाडीच्या मुठीकडे कुणी पाहत नाही. चाळीस अंशांच्या उन्हात रबर कडक होते, झिजून गुळगुळीत होते. हात निसटू नये म्हणून पकड आवळली जाते आणि पकड जितकी घट्ट, तितकी इंजिनाची थरथर हातात जास्त उतरते. मनगटातली नस दबली की अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होते. टायर वेळेवर बदलणारेही मुठी मात्र गाडी विकेपर्यंत तशाच ठेवतात! रबर बदलावे, ॲक्सिलरेटरची मूठ सोडताच मागे फिरते ना, हे तेवढे पाहावे. एवढे करूनही रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे.