कराची नोटीस आणि एकत्र कुटुंब

सरकारी लिफाफा आला, कीं तो न उघडतां कपाटांत ठेवून द्यावयाचा, ही चाल सुशिक्षित कुटुंबांतूनहि आढळते. आतां तर प्राप्तिकराची नोटीस बहुधा संगणकावरील खात्यांतच येऊन पडते. आणि घरचे कर्ते पुरुष निवर्तले असले, तर तें खातें उघडावें कसें, हेंहि मागल्यांस ठाऊक नसतें. आमच्या मतें या उदासीनतेची किंमत फार मोठी आहे.

मागणीची नोटीस मिळाल्यापासून रक्कम भरण्यास सामान्यतः तीस दिवस मिळतात, व पहिल्या अपिलाची मुदतहि तीसच दिवसांची असते. भरण्याची मुदत टळली म्हणजे दरमहा शेंकडा एक याप्रमाणें व्याज चढूं लागतें. अपील केलें कीं वसुली आपोआप थांबते, हा समज चुकीचा आहे. वसुली तहकूब होण्यासाठीं किंवा हप्ते बांधून मिळण्यासाठीं निराळा अर्ज करावा लागतो. तो राहून गेल्यास बँकेंतील ठेवीवरहि टांच येऊं शकते.

एकत्र हिंदु कुटुंबास १९२२ च्या कायद्यांतहि स्वतंत्र करदाता मानलें होतें व आजहि मानतात. म्हणून भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, एवढ्यानें कराच्या दृष्टीनें वांटणी होत नाहीं. ज्या कुटुंबावर पूर्वीं कर बसला आहे, तें संपूर्ण वांटणीची नोंद अधिकाऱ्याच्या हुकुमानें होईपर्यंत एकत्रच समजलें जातें. ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अर्धवट वांटणी तर मान्यच होत नाहीं. शिवाय, वांटणीनंतरहि मागील कराची जबाबदारी सर्वांवर मिळून व प्रत्येकावर स्वतंत्रपणें राहते. २००५ पासून मुलीहि जन्मतः सहहिस्सेदार आहेत. तेव्हां हे कागद त्यांनाहि दाखविले पाहिजेत.

वडिलांच्या मागें त्यांच्या कराचें देणें वारसांकडे येतें खरें. परंतु तें त्यांनीं ठेवलेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच. घाबरून जाऊन विधवेनें आपले दागिने मोडावे, असें कायदा म्हणत नाहीं. मात्र देणें बाकी असतां वारसानें त्या मालमत्तेपैकीं कांहीं विकलें किंवा गहाण टाकलें, तर तेवढ्या किमतीपुरता तो स्वतः बांधला जातो. म्हणून घर विकण्याची बोलणी सुरू करण्यापूर्वींच कायद्याचा सल्ला घ्यावा.

सल्ला कोणाचा घ्यावा? हिशेब व विवरणपत्र यांसाठीं चार्टर्ड अकाउंटंट योग्य. वांटणीपत्र, मृत्युपत्र किंवा वारसाहक्काचा गुंता असेल, तेथें करविषयक काम करणारा वकीलच पाहावा. फी किती व काम कोणतें, हें आरंभींच लिहून घ्यावें, आणि मूळ कागद आपल्यापाशीं ठेवून नकला द्याव्या. कागद न पाहतांच ‘कर निम्मा करून देतों’ असें म्हणणाऱ्याच्या वाऱ्यासहि उभें राहूं नये. कायद्यानें दिलेली सवलत घेणें निराळें, आणि उत्पन्न लपविणें निराळें.

लग्नकार्याच्या याद्या आपल्या घरांतून किती दक्षतेनें जपतात! तशीच एक वही कराच्या कागदांचीहि असावी, व ती कोठें आहे हें गृहिणीस कर्त्याच्या हयातींतच माहीत असावें. पुढें प्रसंग पडल्यास ती तिच्याच हातीं येणार आहे.