फुटपाथ मोकळे हवेत? मग निवारे उभारा!



महापालिकेची गाडी येते. ताडपत्री, भांडी, पोरांची दप्तरं उचलते आणि निघून जाते. माणसं तिथेच उरतात. रात्री पुढच्या पुलाखाली पुन्हा पथारी पडते. वर्षानुवर्षं यालाच ‘कारवाई’ म्हणतात. आमचं म्हणणं स्पष्ट आहे : बेघरांना निवारा देणं ही दया नव्हे. ते महापालिकेवरचं कायद्याचं बंधन आहे, आणि महापालिका ते पाळत नाही.

ही माणसं कोण आहेत? नाक्यावर कामाची वाट पाहणारे बिगारी, लग्नाच्या हॉलमध्ये पंगती वाढणारे, कचरा वेचणाऱ्या बाया, घरातून बाहेर काढलेले म्हातारे, परळला टाटा रुग्णालयात उपचारांसाठी गावाकडून आलेली कुटुंबं. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांहून अधिक बेघर मोजले गेले.

१९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने फुटपाथवरची बिऱ्हाडं शहराबाहेर हलवण्याचा हुकूम काढला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस न्यायालयात गेल्या. राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं. फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. मग जायचं कुठे? याचं उत्तरही न्यायालयानेच दिलं. १९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात निवारा हा मूलभूत हक्क ठरला. २०१० मध्ये आदेश झाला : शहरात दर एक लाख वस्तीमागे एक निवारा, बाराही महिने, चोवीस तास उघडा.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. आहेत ते याच्या जवळपासही नाहीत. पैसा नाही म्हणून? देशभर निधी पडून असतो आणि निवारे होत नाहीत, हे पाहून न्यायालयाला २०१६ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली.

निवाऱ्यांचा आदेश पाळला जात नाही, पण १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून उभाच आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत माणूस रस्त्यावर भटकतो, एवढ्यावर त्याला डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली शिक्षेची कलमं दिल्लीपुरती रद्द केली. गरिबाला कोंडायला इथे कायदा सापडतो, छप्पर द्यायला सापडत नाही!

‘फुटपाथ चालण्यासाठी आहेत,’ असं अनेक जण म्हणतात. बरोबर आहे. म्हणूनच निवाऱ्याची मागणी सर्वांत आधी त्यांनी करायला हवी. हाकलल्याने माणूस नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो.

आमच्या मागण्या :

१. लोकसंख्येच्या प्रमाणात प्रत्येक वॉर्डात निवारे उभारा. स्त्रियांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळे ठेवा.
२. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमाप्रमाणे माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय आणि स्वयंपाकाची सोय द्या.
३. निवाऱ्यात जागा दिल्याशिवाय कोणालाही उठवू नका. कोणाचं सामान, कागदपत्रं जप्त करू नका.
४. बेघरांना गुन्हेगार ठरवणारा भीक प्रतिबंधक कायदा रद्द करा.

वॉर्ड ऑफिसात जा. नगरसेवकाला गाठा. एकच प्रश्न लेखी विचारा : ‘आमच्या वॉर्डातला निवारा कुठे आहे?’ उत्तरही लेखीच मागा, आणि ते मिळेपर्यंत पिच्छा सोडू नका.

— मुंबईतील नागरिक